गंधक काढले, पण सांगायचे राहून गेले

जुनी डिझेल गाडी सांभाळणाऱ्यांच्या बोलण्यात गेली काही वर्षे एक वाक्य हमखास येते: "बीएस-सिक्सचं डिझेल आलं आणि गाडीची वाट लागली." बीएस-सिक्स म्हणजे भारत स्टेज ६, गाड्यांच्या धुरावरचा सरकारी नियम आणि त्यासाठीचे कमी गंधकाचे इंधन. एकाचा इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप पाझरायला लागलेला असतो, दुसऱ्याची गाडी सकाळी एअर घेते, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा शिरते, तिसऱ्याचे अ‍ॅव्हरेज पडलेले असते. मेकॅनिकही दुजोरा देतो, "गंधक काढलं, आता डिझेलमध्ये ताकद राहिली नाही," आणि टाकीमागे थोडे टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल) घालायला सांगतो. सातारा-सांगलीकडची वडापची जीप असो, एखाद्या निवृत्त मास्तरांनी जपलेली इंडिका असो, की भाजीचा टेम्पो असो, निदान एकच आणि औषधही एकच.

या निदानात थोडे तथ्य आहे आणि बराच गैरसमज आहे. डिझेलमधले गंधक कमी करणे हा गेल्या तीस वर्षांत सरकारने घेतलेल्या उत्तम निर्णयांपैकी एक आहे आणि तो जुन्या गाडीच्याही फायद्याचा आहे, असे माझे ठाम मत आहे. पण हा निर्णय अमलात आणताना जुन्या गाडीच्या मालकाला ज्या चार गोष्टी सांगायला हव्या होत्या, त्या कुणीही सांगितल्या नाहीत. तेल कंपन्यांनी नाही, गाड्या बनवणाऱ्यांनी नाही, परिवहन खात्याने नाही. त्यामुळे लोक आज नको तिथे पैसा घालत आहेत आणि ज्याच्यावर चिडायला हवे त्याला सोडून भलत्यावर चिडत आहेत.

आधी बदल केवढा झाला ते पाहू. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. ४० लिटरची टाकी फुल्ल केली की डिझेलबरोबर सुमारे ३३० ग्रॅम गंधक गाडीत चढायचे. २००० साली ही मर्यादा देशभर पाव टक्क्यावर आली, म्हणजे २,५०० पीपीएम (दहा लाख भागांत २,५०० भाग). २००१ साली नेमलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकर समितीने पुढचा टप्प्याटप्प्याचा रस्ता आखून दिला. २००५ मध्ये देशभर ५०० पीपीएम आणि मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत ३५०, २०१० मध्ये देशभर ३५० आणि १३ शहरांत ५०, २०१७ मध्ये देशभर ५० आणि १ एप्रिल २०२० पासून सगळीकडे १० पीपीएम. बीएस-५ चा टप्पा गाळून थेट बीएस-६ वर जायचे, हे जानेवारी २०१६ मध्येच ठरले होते. आज त्याच ४० लिटरच्या टाकीत गंधक एक तृतीयांश ग्रॅमही भरत नाही.

गंधक जळले की त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो आणि त्यातला काही भाग हवेत सल्फेटचे बारीक कण बनून छातीत उतरतो. डिझेलचा धूर कर्करोगाला कारणीभूत ठरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये निःसंदिग्धपणे जाहीर केले. शिवाय नव्या गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जी गाळणी असते, डीपीएफ, ती आणि तिच्या जोडीचे उत्प्रेरक गंधकाने निकामी होतात. गंधक काढल्याशिवाय ही यंत्रणा देशात आणताच आली नसती. मुलांच्या दम्याचा विचार करणाऱ्या कुणालाही या निर्णयावर आक्षेप घेता येणार नाही.

आता जुन्या गाडीच्या तक्रारीकडे वळतो, कारण ती झटकून टाकण्यासारखी नाही.

पंप-नोझलच्या दुकानात कधी तरी थांबून पाहा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडमागे असे दुकान असते. कारागीर पंप उघडून प्लंजर आणि त्याचे बॅरल बाहेर काढतो, डिझेलमध्ये बुडवतो, आणि प्लंजर बॅरलमध्ये अर्धवट सरकवून उभा धरतो. चांगला एलिमेंट, म्हणजे प्लंजर-बॅरलची जोडी, असेल तर प्लंजर आपल्याच वजनाने सावकाश, न अडखळता खाली उतरतो. झिजलेला असेल तर धपकन पडतो. चरा असेल तर मध्येच अडकतो. या दोन भागांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. एवढ्या फटीत वंगणाचे तेल वेगळे सोडता येत नाही. तिथे जे डिझेल असते तेच वंगणाचे काम करते. म्हणून डिझेल कसे आहे, याने जुन्या पंपाला फरक पडतो.

पण डिझेलला निसरडेपणा गंधकामुळे येतो, ही समजूत चुकीची आहे. रिफायनरीत डिझेलमधून गंधक काढताना ते हायड्रोजनबरोबर मोठ्या दाबाखाली, साडेतीनशे अंशांच्या आसपास तापमानात, कोबाल्ट-मोलिब्डेनमच्या उत्प्रेरकावरून सोडतात. हायड्रोजन गंधकाला ओढून घेतो. त्या गंधकाचे पुढे पिवळे घन गंधक बनते, आणि ते खत, आम्ल, साखर कारखाने अशा कामांना लागते. पण त्याच प्रक्रियेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन असलेली काही संयुगेही जातात. ही संयुगे अगदी थोडी असतात, पण धातूच्या पृष्ठभागाला चिकटून त्यावर पातळ थर धरतात. डिझेलचे वंगण म्हणजे मुख्यतः ही संयुगे. ती गेली की डिझेल कोरडे पडते.

हे सगळ्यात आधी ठळकपणे दिसले ते स्वीडनमध्ये. तिथे १९९१ च्या सुमारास करात सवलत देऊन जवळजवळ गंधकविरहित डिझेल बाजारात आणले आणि थोड्याच काळात गाड्यांचे इंजेक्शन पंप बंद पडू लागले, विशेषतः रोटरी पंप. कारण लवकरच सापडले आणि उपायही. डिझेलमध्ये वंगण देणारे द्रव्य अगदी किंचित मिसळायचे. साधारण शंभर-दोनशे पीपीएम, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरला लिटर-दोन लिटर. त्यानंतर ते डिझेल स्वीडनमध्ये चालूच राहिले आणि जगभर डिझेलची वंगणक्षमता मोजण्याची चाचणी ठरली. ६० अंश तापमानाच्या डिझेलमध्ये सहा मिलिमीटरची पोलादी गोळी एका चकतीवर ७५ मिनिटे घासायची आणि गोळीवर पडलेला व्रण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. व्रण ४६० मायक्रॉनच्या आत असला पाहिजे. युरोपात हीच मर्यादा आहे आणि भारतीय मानकातही, आयएस १४६० मध्ये, हीच आहे. अमेरिकेने तर ५२० पर्यंत मुभा दिली आहे. सांगायचा मुद्दा हा की रिफायनरीतून मापात निघालेले १० पीपीएमचे डिझेल कोरडे नसते. गेलेले वंगण त्यात पुन्हा घातलेले असते.

सगळ्या जुन्या गाड्या या बाबतीत सारख्या नाहीत, हेही इथे सांगायला हवे. जुन्या ट्रकवर जो लांबट इनलाइन पंप असतो, त्याच्या खालच्या कॅमच्या भागाला इंजिन ऑइलचे वंगण मिळते, डिझेलवर अवलंबून असतो तो फक्त वरचा एलिमेंट. डिझेल अँबॅसेडर, पूजो इंजिनाच्या महिंद्रा जीप, पहिल्या इंडिका यांवरचे रोटरी पंप मात्र आतून पूर्ण डिझेलने भरलेले असतात. त्यांची प्रत्येक फिरती-घासती वस्तू डिझेलमध्येच चालते. म्हणून ट्रकवाला सहसा कुरकुरत नाही आणि जीपवाला कुरकुरतो. "जुन्या गाड्यांना त्रास होतो" असे सरसकट विधान निरुपयोगी आहे. कोणता पंप, ते विचारावे लागते.

दुसरी तक्रार गळतीची आणि ती जास्त खरी आहे. जुन्या पंपांतले ओ-रिंग आणि सील नायट्राइल रबराचे असतात. पूर्वीच्या डिझेलमध्ये अ‍ॅरोमॅटिक घटक (बेंझिनच्या जातीची संयुगे) जास्त असत. ते रबरात मुरत आणि रबर थोडे फुगलेले राही. वर्षानुवर्षे तसेच राहून ते रबर उष्णतेने कडकही होत जाते. आता कमी अ‍ॅरोमॅटिकचे डिझेल आले की रबरात मुरलेले घटक हळूहळू बाहेर पडतात आणि रबर आकसते. नवे रबर असेल तर त्याच्यात लवचीकपणा असतो, ते जागा धरून राहते. पंधरा वर्षांचे रबर जुन्या कुकरच्या रिंगसारखे झालेले असते. ते आकसते तसेच राहते आणि डिझेल पाझरू लागते. कधी पाझर बाहेर दिसत नाही, पण रात्रभर उभ्या गाडीत तिथूनच हवा आत शिरते आणि सकाळी बिचारा मालक हँडपंप मारून एअर काढत बसतो.

अमेरिकेने ऑक्टोबर १९९३ मध्ये ५०० पीपीएमचे डिझेल आणले तेव्हा नेमके हेच झाले. तक्रारी सर्वाधिक आल्या त्या कॅलिफोर्नियातून, कारण तिथे अ‍ॅरोमॅटिक घटकांवरही मर्यादा घातली होती. तिथे सरकारने अभ्यासगट बसवला. जुने, कडक झालेले नायट्राइल सील हे कारण निघाले, आणि सील बदलले की गळती थांबते हा उपाय निघाला. व्हायटॉनसारख्या फ्लोरो-रबराचे सील बसवले तर प्रश्न कायमचा मिटतो. आणि हे काम एकदाच करायचे असते.

म्हणजे आपल्याकडे २०२० साली हा बदल पूर्ण झाला तेव्हा या प्रश्नाचे उत्तर सत्तावीस वर्षे जुने होते. ते छापून तयार होते, फक्त मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये सांगायचे होते. "तुमच्या गाडीला रोटरी पंप असेल आणि सील कधीच बदलले नसतील, तर येत्या सर्व्हिसिंगला बदलून घ्या" एवढी एक ओळ पेट्रोल पंपावर लावायला काय खर्च आला असता? बीएस-६ इंधनासाठी रिफायनऱ्यांनी सुमारे ३० हजार कोटी रुपये गुंतवले. त्यातले काही लाख एका फलकावर खर्च झाले असते तर लाखो लोकांचा मनस्ताप वाचला असता. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त सलते ते हेच.

आणि सांगितले नाही म्हणून काय झाले, ते पाहा. १ एप्रिल २०२० ही तारीख आठवा. त्याच्या आठवडाभर आधी देशात टाळेबंदी लागली होती. नवे डिझेल पेट्रोल पंपांवर आले तेव्हा जुन्या गाड्या अंगणात उभ्या होत्या, दोन-दोन, तीन-तीन महिने. उभ्या गाडीचे सील सुकतात, टाकीत पाणी धरते, पाणी आणि डिझेलच्या सीमेवर शेवाळासारखा गाळ वाढतो, बॅटरी बसते. टाळेबंदी उठल्यावर लोकांनी टाकी भरली, गाडी काढली, आणि पंप पाझरू लागला. समोर नवे डिझेल होते, त्याच्यावर दोष गेला. माझा अंदाज आहे की त्या वर्षी बीएस-६ च्या नावावर नोंदले गेलेले बरेच बिघाड खरे तर गाड्या उभ्या राहिल्यामुळे झाले होते.

या अंदाजाला आपल्याच राज्यात एक आधार आहे. २०१० पासून ज्या १३ शहरांत ५० पीपीएमचे डिझेल ठरले, त्यांत मुंबई आणि पुण्याबरोबर सोलापूरही होते. बाकी जिल्ह्यांत तेव्हा ३५० पीपीएम चालू होते. म्हणजे बार्शी-मोहोळकडची जीप सोलापुरात भरली की एक डिझेल, गावाकडे भरली की दुसरे. डिझेल कोरडे पडण्याचा मोठा टप्पा असतो तो ५०० च्या खाली उतरताना. ५० वरून १० वर येताना आणखी फार काही बदलत नाही. कमी गंधकाने पंप बसत असते तर सोलापूर शहरात तेव्हाच पंप-नोझलवाल्यांच्या दारात रांगा लागायला हव्या होत्या. तशा लागल्याचे कुणी बोलत नाही. सोलापूरकरांना तर आपण दुसऱ्यांपेक्षा वेगळे डिझेल भरतो आहोत, याचाही फारसा पत्ता नव्हता.

ताकद आणि अ‍ॅव्हरेजचेही एकदा निकालात काढू. गंधकातून इंजिनाला ताकद मिळत नाही. प्रक्रियेत डिझेल किंचित हलके होते, त्यामुळे लिटरमागची ऊर्जा एक टक्क्याच्या आसपास घटते. १४ चे अ‍ॅव्हरेज देणारी गाडी त्यामुळे लिटरमागे दीडशे मीटर कमी जाईल. एवढा फरक टायरमधल्या हवेनेही पडतो. अ‍ॅव्हरेज १४ वरून ११ वर आले असेल तर नोझल तपासा, टायमिंग तपासा, ब्रेक धरतो आहे का पाहा.

उलट, जुन्या इंजिनाला या डिझेलने जे मिळाले त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. जळलेल्या गंधकाचा वायू पाण्याच्या वाफेशी मिळून आम्ल बनतो. इंजिन पुरते गरम व्हायच्या आत बंद करणाऱ्या, बाजारापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीत ते आम्ल पिस्टनच्या रिंगांवर आणि सिलिंडरच्या लायनरवर बसते. इंजिन ऑइलमध्ये या आम्लाला मारण्यासाठी अल्कधर्मी द्रव्य घातलेले असते. जास्त गंधकाच्या डिझेलवर ते भराभर संपते, म्हणून तेव्हाच्या जगभरच्या सर्व्हिस पुस्तिकांत जास्त गंधक असेल तिथे ऑइल लवकर बदलायला सांगत. ते आम्ल आता जवळपास नाहीसे झाले आहे. लायनर कमी गंजतो, सायलेन्सर जास्त टिकतो, ऑइलचा दम टिकतो. पंपाच्या सीलसाठी एकदा थोडे पैसे गेले आणि इंजिनाचे आयुष्य वाढले, हा सौदा मला तरी फायद्याचा वाटतो.

मग डिझेलमुळे खरोखरच पंप खराब होतात तेव्हा दोषी कोण असतो? बहुतेक वेळा भेसळ. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ आणि वंगणाला फारच हलके. रिफायनरीने मोजूनमापून घातलेले वंगण रॉकेल मिसळले की पुरत नाही, आणि गंधकाची मर्यादाही धाब्यावर बसते. महामार्गाकडेला 'बायोडिझेल' म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या द्रवात काय असते, हे तर विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ भेसळखोरांनी भर दिवसा जिवंत जाळले. इंधनातली भेसळ पकडायला गेलेल्या अधिकाऱ्याचा जीव गेला, आणि आपण मात्र पंप बसला की रिफायनरीतल्या हायड्रोजनला दोष देतो. हे मला पटत नाही. एखाद्या भागातल्या अनेक गाड्यांचे पंप एकाच सुमारास खराब होत असतील, तर तो इंधनाच्या धोरणाचा प्रश्न नसतो. त्या भागात कोण काय मिसळतो आहे, याची ती खूण असते, आणि पुरवठा खात्याने तिच्यामागे जायला हवे.

टू-टी ऑइलचेही स्पष्ट बोलले पाहिजे. मापात असलेल्या डिझेलला त्याची गरज नाही. जुन्या, गाळणी नसलेल्या गाडीत ते घातले तर मोठे नुकसान होत नाही, थोडा धूर वाढतो आणि थोडे पैसे जातात. पण तोच सल्ला शेजाऱ्याच्या नव्या बीएस-६ गाडीला लागू केला तर ऑइलमधली राख डीपीएफमध्ये साचते आणि त्या गाळणीचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो. भेसळीची शंका असेल तर औषध टाकीत ओतायचे नसते. पेट्रोल पंपावर घनता तपासून मागायची असते. प्रत्येक पेट्रोल पंपाला घनता मोजणारा हायड्रोमीटर आणि मापाचे काचपात्र ठेवावे लागते. टँकरच्या चलनावर लिहिलेली घनता आणि प्रत्यक्ष घनता यांत १५ अंशांना घनमीटरमागे ३ किलोपेक्षा जास्त फरक चालत नाही. तपासणी मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. किती जणांनी आजवर तो वापरला?

इथे एक आक्षेप येईल. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीसाठी सरकारने एवढी यातायात का करावी? भंगारात घाला म्हणावे. हा आक्षेप शहरात बसून सोपा वाटतो. पण डिझेल एकच आहे आणि ते फक्त मोटारीत जात नाही. ते जुन्या ट्रॅक्टरमध्ये जाते, विहिरीवरच्या इंजिनात जाते, रत्नागिरी-मालवणच्या मच्छीमार बोटीत जाते. या सगळ्यांवर यांत्रिक पंप आहेत, नायट्राइलचे सील आहेत. समुद्रात आठ-दहा मैल आत गेल्यावर पंपाने एअर घेतली तर तिथे मिस्त्री मिळत नाही. सीलची ती एक ओळ त्या तांडेलापर्यंतही पोचायला हवी होती.

आणि जुन्या गाडीवाल्यांनाही मला एक गोष्ट आपुलकीने सांगायची आहे. डिझेल स्वच्छ झाले म्हणजे आपली गाडी स्वच्छ झाली असे होत नाही. गंधक गेल्याने धुरातले सल्फेट गेले, काजळी राहिलीच. ती येते थुंकणाऱ्या नोझलमुळे, बंद झालेल्या एअर फिल्टरमुळे, जास्त डिझेल सोडायला लावून ठेवलेल्या पंपामुळे. "गाडीला जरा पिकअप पाहिजे" म्हणून स्क्रू फिरवून घेणारे बरेच जण मी पाहिले आहेत. घाटात त्यांच्या मागे चालणाऱ्या दुचाकीवरच्या बाईला आणि तिच्या पुढ्यात बसलेल्या पोराला त्या पिकअपची किंमत मोजावी लागते. पीयूसीच्या चाचणीत इंजिन मोकळ्या गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात तळापर्यंत दाबायचा असतो, आणि सायलेन्सरमध्ये घातलेल्या नळीतून मीटर धुराची घनता मोजतो. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला २.४५ पर्यंत मुभा आहे, बीएस-४ ला १.६२. नोझल-पंप नीट असलेली वीस वर्षांची गाडीही या मर्यादेत बसू शकते. पण बऱ्याच ठिकाणी नळी सायलेन्सरपर्यंत जातच नाही, कागद मात्र हातात येतो, हे राज्यातल्या प्रत्येक वाहनमालकाला ठाऊक आहे.

आपली सगळी व्यवस्थाच अशी झाली आहे की गाडीची तब्येत न पाहता तिची जन्मतारीख पाहायची. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर पर्यावरण कर भरावा लागतो. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. दिल्लीत तर १ जुलै २०२५ पासून दहा वर्षांवरच्या डिझेल गाडीला इंधनच द्यायचे नाही असा नियम लागू केला आणि लोकांच्या संतापापुढे तो आठवडाभरात पुढे ढकलावा लागला. कर घ्या, शुल्क घ्या, पण त्याबदल्यात खरी तपासणी करा. काळा धूर ओकणारी आठ वर्षांची गाडी बिनधास्त फिरते आणि मापात चालणारी सोळा वर्षांची गाडी गुन्हेगार ठरते, याला न्याय म्हणत नाहीत. जो मालक सील बदलतो, नोझल कॅलिब्रेट करतो, त्याला त्या कष्टाचे काही तरी मोल मिळाले तरच बाकीचे ते करतील.

माहिती दाबून ठेवण्याची ही सवय किती महागात पडते, ते पेट्रोलच्या बाबतीत नुकतेच दिसले. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल देशभर आले आणि २०२५ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात जुन्या गाड्यांचे मालक खवळले. अ‍ॅव्हरेज किती पडेल, कोणते रबर कधी बदलावे, कोणत्या सालापर्यंतच्या गाडीला काळजी घ्यावी लागेल, हे आधी सांगितले असते तर एवढा गदारोळ झाला नसता. खुलासे आले ते आरडाओरडा झाल्यावर, तेही "काही होत नाही" अशा सुरात. ज्याच्या गाडीचा पाइप चिघळला आहे त्याला "काही होत नाही" सांगितले की तो पुढच्या खऱ्या गोष्टीवरही विश्वास ठेवत नाही.

आणि पुढची गोष्ट डिझेलचीच आहे. डिझेलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग फसले. आता आयसोब्युटेनॉल मिसळून पाहत असल्याचे नितीन गडकरी यांनी २०२५ मध्ये सांगितले, आणि हे काम पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडे आहे. आयसोब्युटेनॉल हे अल्कोहोल आहे. ते डिझेलइतके निसरडे नाही आणि रबराशी त्याचे नाते वेगळे आहे. म्हणजे वंगण आणि सील हे दोन्ही प्रश्न पुन्हा येणार. या वेळी तरी ते आधी हाताळता येतील. एआरएआयने नव्या इंजिनांबरोबर वीस वर्षे वापरलेला रोटरी पंप, ट्रॅक्टरचा पंप आणि बोटीचे इंजिनही त्यांच्या जुन्या सीलसकट चाचणीला बसवावे. कोणत्या गाडीला कोणत्या रबराचा सील लागेल, याची यादी गाडी बनवणाऱ्यांकडून घेऊन ती जाहीर करावी. आणि पेट्रोल पंपावर आज घनता लिहितात त्याच फळ्यावर, त्या दिवशीच्या टँकरच्या वंगणचाचणीचा आकडा लिहावा. ४६० च्या आत आहे की नाही, हे गिऱ्हाईक स्वतः वाचून घेईल.